अमिनाबीनं बांधलेले हात

"बैलाच्या खुरात काटा मोडला तं पंधरा दिवस गोठ्यातून हालले नाई तुमी, भाऊ. अन् बायकोच्या डोळ्याले आठ दिवस जड होऊन राह्यले?"

अमिनाबी ओसरीवरून हे बोलली आणि आत चुलीपाशी माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. माझ्या सासऱ्यांशी, नागोराव मामाजींशी, कोणी असं बोलू शकतं हे मला लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. माझा नवरा श्रावण तर बापासमोर शिंक आली तरी अंगणात जायचा.

"तू बांगड्या भराले आली, बांगड्या भर," मामाजी म्हणाले. "डोळ्याचं दुकान कवापासून मांडलं?"

"बांगड्याच भरून राह्यली होती. जमनाबाईले म्हटलं हिरवी निवडा, त्याईनं कत्थई उचलली. निळी मांगतली तं काळी देल्ली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला हाय त्याईच्या. तुमच्या घरात कोनाले पत्ता नाई."

"वय झालं तिचं."

"तुमचं तिच्याहून जास्त झालं. तुमाले बैलाच्या कानातली गोचीड दिसते ना?"

मी तोंडात पदर कोंबला.

"दिवाळीच्या सुट्टीत दारव्ह्याच्या शाळेत अमरावतीचे डॉक्टर येतात," अमिनाबीनं आवाज खाली आणला. "कापून मोतीबिंदू बाहेर काढतात. मंग आठ दिवस निजून रहा लागते, बाकी काई नाई."

"आठ दिवस! अन् कापूस कोन वेचन? अन् मले समदं मालूम हाय, तठी बायकायच्या बांगड्या उतरवतात. माह्या जित्तेपनी माह्या बायकोचे हात उघडे करतं काय? तू मनियारीन असून?"

 बांगड्या उतरवतात हे मात्र खरं होतं.

"बाजारात सुईवाला बसते," मामाजी म्हणाले. "एका घडीचं काम. सकाळी गेलं, दुपारी माणूस वावरात."

"भाऊ, पाया पडते तुमच्या. माह्या मायचे दोन्ही डोळे अशाच सुईनं गेले. मरेपर्यंत मी तिले हात धरून फिरवलं."

"तुह्या मायचं नशीब," असं म्हणून मामाजी उठले आणि गोठ्याकडे गेले.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू जमनाबाई, हा सगळा वेळ तिथेच बसलेल्या होत्या. एक हात अमिनाबीच्या हातात, अर्ध्याच बांगड्या भरलेला. डोळे त्यांचे, पण त्यांना एका शब्दानं कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी भाकर उलटली.

हे महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या सालचं. आज मी तेव्हाच्या आत्याबाईंहून म्हातारी आहे, आणि ती ओसरी आठवली की अजून माझं डोकं तव्यासारखं तापतं.

अमिनाबी दारव्ह्याची मनियारीन, म्हणजे बांगडीवाली. नवरा मोहिउद्दीन लवकर गेला, मागे टोपली राहिली. ती डोक्यावर घेऊन ती तीन-तीन कोस चालायची. आमच्या गावात सणाच्या आधी हमखास, एरवी महिन्या-दीड महिन्यानं. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण हात असे की कुदळ धरून राठ झालेला पंजाही तिच्या मुठीत कोवळा व्हायचा. अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, बोटं एकात एक मिटवायची आणि विचारायची, "माहेर कोनतं वो बाई?" आपण माहेरचं सांगायला लागायचो आणि बांगडी मनगटात गेलेली असायची. जुनी उतरवायच्या आधी नवी एक चढवायची, सवाशणीचं मनगट घडीभरही मोकळं ठेवायची नाही. बांगडी फुटली असं तिच्या तोंडून कधी आलं नाही, वाढली म्हणायची. भरून झालं की पाटलीणबाई असो की मजुरीण, प्रत्येक बाई अमिनाबीच्या पाया पडूनच उठायची.

घराघरातल्या म्हाताऱ्यांचे हात वर्षातून चार-सहा वेळा हातात घेणारं दुसरं माणूस कोण होतं? मुलगा घेत नाही, नवरा तर नाहीच नाही. म्हणून कोणाच्या डोळ्यावर सारा, म्हणजे पडदा, आला हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं.

आणि शाळेतल्या त्या कॅम्पात ती शिरली तीही या हातामुळेच. शाळा तिच्या गल्लीच्या तोंडाशी. पहिल्या साली फाटकापाशी टोपली घेऊन बसली होती. आतून नर्सबाई धावत आली. म्हणाली, टेबलावर एक म्हातारी हात झाडते आहे, वॉर्डातल्या माणसाला हात धरू देत नाही, तू येतेस का? अमिनाबी साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आत गेली, म्हातारीचे दोन्ही हात बांगडी भरताना धरते तसे धरले आणि विचारलं, माहेर कोणतं? म्हातारी माहेर सांगत राहिली. डॉक्टरांनी तेवढ्यात आपलं काम केलं. त्या दिवसापासून दरसाल कॅम्पाचे पंधरा दिवस तिची टोपली घरी आणि ती शाळेत.

आता सुईवाल्याचं सांगते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव नाही.

बाजारात निंबाखाली चादर अंथरून बसला होता. पागोटं झकास, बोलणं त्याहून झकास. आत्याबाईंना मांडीशी बसवलं, डोकं मागून श्रावणला धरायला लावलं. पितळेच्या डबीतून सुई काढली, स्वतःच्या धोतराला पुसली. ते धोतर पांढरं होतं असं मी म्हणणार नाही. उजव्या डोळ्याच्या कडेनं सुई आत घातली आणि काहीतरी खाली लोटल्यासारखं केलं. आत्याबाईंनी माझं मनगट असं आवळलं की माझी एक बांगडी वाढली. मग त्यानं बोटं समोर धरली. "किती?"

"तीन," आत्याबाई म्हणाल्या.

लोक वा वा करायला लागले. मामाजींची मिशी वर गेली. त्यांनी त्याला धोतरजोडी दिली, पायलीभर तूर दिली. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "नलू, तुह्या कपायावर हा भाजल्याचा डाग कवाचा वो?"

डाग दोन वर्षांचा होता. मला तिथे बाजारात रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मलाही तो सुईवाला देवमाणूस वाटला. डाव्या डोळ्याची सुई पुढच्या बाजारी, असं ठरवून आम्ही घरी आलो. दुपारी आत्याबाई खरंच कापसात होत्या.

पाचव्या दिवशी डोळा ठणकायला लागला. सातव्या दिवशी मिरचीसारखा लाल, मग पू. बुढी भिंतीला डोकं लावून बसायची आणि मामाजी म्हणायचे, थंडीनं झालं. पुढच्या बाजारी निंबाखाली चादर नव्हती. कोणी म्हणालं उमरखेडकडे गेला, कोणी म्हणालं केळापूरकडे. तो कधीच एका जागी सात दिवस थांबत नव्हता. पाचवा दिवस कसा असतो हे त्याला आपल्यापेक्षा बरं ठाऊक होतं. डोळा गेला, खोबणीत वाळल्या बोरासारखा राहिला.

गावातल्या बायका भेटायला आल्या आणि म्हणाल्या, नशीब. आणखी म्हणाल्या, "फार पाह्यलं होतं बुढीनं, आता काय पाहाचं राह्यलं?" मी प्रत्येकीला चहा दिला. आज वाटतं, द्यायला नको होता.

अमिनाबी पुढच्या खेपेला आली तेव्हा तिनं आत्याबाईंचं तोंड पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं रडली. मामाजी आतच होते, बाहेर आले नाहीत. मग मला म्हणाली, "नलू, सुईवाला मोतीबिंदू काढत नाई वो. आत ढकलून देते. घरातला कचरा बाहेर न टाकता खाटेखाली लोटला तं दोन दिवस घर साफच दिसते. मंग सडते."

"मंग तुहे डॉक्टर काय करते?" मी विचारलं.

"खाट उचलून कचरा बाहेर फेकते. म्हनून येळ लागते."

तेव्हापासून एक गोष्ट अमिनाबीच्या डोक्यात घर करून बसली. मामाजी गाढवपणा करून गेले हे खरं, पण बांगड्यांचं ते काही एकटेच बोलत नव्हते. मोतीबिंदू काढल्यावर रोगी झोपेत डोळ्याकडे हात नेतो. बाईच्या हातात काच असली आणि ती पट्टीवर आदळली, फुटली, तर काय होईल? म्हणून डॉक्टरांचा हुकूम होता, बांगड्या उतरवा. आणि नवरा जिवंत असलेल्या म्हाताऱ्या फाटकातूनच परत जायच्या. मागच्या कॅम्पात अकराजणी परत गेल्या होत्या. डॉक्टर म्हणायचे, अडाणी बायका. अमिनाबीला दोन्हीकडून राग यायचा. डॉक्टरांचा यायचा, कारण उघडं मनगट म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं. बायकांचा यायचा, कारण डोळा म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवाळीला कॅम्प भरला त्या पहिल्याच सकाळी ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. म्हणाली, "साहेब, उतरवल्या तं बाई जाते. ठेवल्या तं डोळा जाते. झाकल्या तं?"

तिनं स्वतःचाच हात करून दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवर कापूस, कापसावर पट्टी, पट्टी बोटांच्या टोकापर्यंत. हात लोडासारखा झाला. त्या हातानं डोळा चोळता येत नाही, पट्टी ओढता येत नाही, आणि काच आतल्या आत गप्प. डॉक्टरांनी तो लोड स्वतःच्या गालावर आपटून पाहिला. हसले. मग हसायचे थांबले आणि नर्सबाईला म्हणाले, सगळ्यांचे असेच बांधा, पुरुषांचेही.

त्याच दुपारी ती तीन कोस चालत आमच्या ओसरीवर आली. आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याला तोवर फक्त उजेड आणि अंधार कळायचा. हा शेवटचा डोळा.

"बांगड्या उतरत नाई, भाऊ," अमिनाबी म्हणाली. "आता काय म्हनता?"

मामाजी म्हणाले, "एक गेला. दुसरा देवावर सोडला."

"देवानं डॉक्टर धाडला हाय."

मामाजी उत्तर देणार तेवढ्यात कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या. मी त्या घरात आल्यापासून त्या नवऱ्याच्या बोलण्याच्या मध्ये पहिल्यांदा बोलल्या. "परसाकडं जाचं तं सुनेचा हात धरा लागते मले. लोटा तिच्या हातात, मी तिच्या हातात. मले ने, अमिनाबी."

मामाजी पायातला जोडा पाहत बसले. नाही म्हणाले नाहीत. येतो असंही म्हणाले नाहीत. कापूस होता ना.

शाळेतली बाकं पटांगणात काढली होती आणि वर्गात खाटांच्या रांगा लावल्या होत्या. फळ्यावर अजून पाढे होते. एका वर्गात स्टोव्हवर मोठ्या भगोन्यात हत्यारं उकळत होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एका रोग्याचं झालं की तीच हत्यारं परत उकळत्या पाण्यात. मी धोतराला पुसलेली सुई पाहिली होती. त्या भगोन्याकडे पाहून माझ्या अंगात अशी चीड आली की कोणाला तरी मारावंसं वाटलं.

आदल्या दिवशी आत्याबाईंच्या पापण्यांचे केस कातरले. तोंड धुतलं, खोकला आहे का विचारलं. खोकला असलेल्या माणसाला परत धाडायचे, कारण खोकताना जोर पडला तर ताजी जखम उघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यामागे सुई देऊन डोळा बधिर केला. आत काय झालं ते अमिनाबीनं सांगितलं, कारण हात तिनं धरले होते. बुबुळाच्या वरच्या कडेनं चंद्रकोरीसारखी चीर दिली, बारक्या चिमट्यानं मोतीबिंदू वरच्या सालीसकट अलगद, न फोडता बाहेर ओढला आणि केसाहून बारीक रेशमाचा टाका घातला. मला पांढऱ्या ताटलीत दाखवला तो. शिजलेल्या वाटाण्याएवढा, चपटा, पिवळसर. एवढ्याशासाठी बाईनं वर्षभर लोटा दुसऱ्याच्या हातात दिला होता.

त्यानंतरच खरी कसोटी होती. कापला एकच डोळा, पण पट्टी दोन्हींवर, कारण एक फिरला की दुसराही फिरतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, वळायचं नाही, चावायचं नाही. मऊ भात, पातळ वरण, वाटीनं तोंडात. आणि नर्सबाईचा आम्हा सगळ्या नातेवाइकांना दम, की रोग्याला वाईट बातमी सांगायची नाही. रडलं तर टाका तुटतो, टाका तुटला तर डोळा गेला.

पलीकडच्या खाटेवर रुखमाबाई होती. तिच्या घरानं तीन-चार सालांपूर्वी बुद्धाचा धर्म घेतला होता. गावात आत्याबाई तिच्याशी विहिरीवर दोन शब्द बोलल्या नसत्या. इथे दोघींच्या डोळ्यांवर पट्ट्या, दिवसभर लोणच्यापासून लेकींपर्यंत गप्पा. दुसऱ्या दिवशी रुखमाबाईचा नवरा, उकंडा त्याचं नाव, गावी वारला. तिच्या मुलानं येऊन नर्सबाईच्या कानात सांगितलं आणि आईला न सांगता परत गेला. पण कुजबूज झालीच. डोळे बांधलेल्या माणसाचे कान किती तिखट होतात हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. रुखमाबाई झोपली होती, तिनं ऐकलं नाही. आत्याबाईंनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी घेऊन गेले तर आत्याबाई दोन्ही लोड एकमेकांवर आपटत होत्या. हळूहळू, कान देऊन.

"नलू, वाजत नाई वो."

"काय वाजत नाई, आत्याबाई?"

"माह्या बांगड्या. तीन दिवस झाले, एकदा वाजल्या नाई." त्यांचा आवाज खाली गेला. "तो गेला ना? म्हनून बांधले ना हात माहे? मी रडीन म्हनून सांगून नाई राह्यले तुमी. त्या रुखमाबाईले तरी कोठी सांगतलं?"

आणि त्या कोपर टेकून उठायला लागल्या.

मी वाटी टाकली आणि खांदे धरले. "आत्याबाई, मामाजी चांगले हायेत! कापूस वेचून राह्यले!" पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? खोटं बोलायचंच असं तिथे आम्हाला शिकवलं होतं. बांगड्या कापसाखाली दबल्या होत्या हे मी ओरडून सांगितलं, ऐकेनात. पट्टीच्या खाली गाल थरथरायला लागले. अमिनाबी धावत आली. तिनं एका हातावरची पट्टी मनगटापाशी चार बोटं सरकवली, आत्याबाईंच्या दुसऱ्या हाताचं बोट मोकळं केलं आणि ते आत घालून काचेवर टेकवलं.

"ह्या घ्या तुमच्या हिरव्या. मीच भरल्या होत्या, पोळ्याले."

आत्याबाईंनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तू मनियारीन हायेस, अमिनाबी. तुह्या टोपलीत ढीग हाय बांगड्यायचा. घातल्या असन दुसऱ्या, मले समजू नये म्हनून."

अमिनाबीनं पट्ट्या परत गुंडाळल्या. साऱ्या मुलखातल्या बायका जिच्या हातावर भरवसा ठेवायच्या, तिच्या हातानं भरलेली काच त्या दिवशी साक्ष द्यायला उपयोगी पडेना.

ती माझ्या कानाशी आली. "मी येईपर्यंत हिचं डोकं हालू देऊ नको. बोलत रहाय. माहेर विचार."

आणि गेली. पायी. तीन कोस.

मी आत्याबाईंच्या छातीवर अर्धी आडवी होऊन त्यांना धरून ठेवलं आणि माहेर विचारत राहिले. त्यांना भाऊ किती, विहीर कोणत्या बाजूला, आंबा कोणता गोड. त्या मध्येच म्हणायच्या, "सांग ना वो, कवा गेला?" मी परत विचारायचे, आंबा कोणता गोड?

गावात काय झालं ते श्रावणनं मला नंतर सांगितलं. मामाजी वावराच्या बांधावर उभे राहून वेचणाऱ्यांवर नजर ठेवत होते. अमिनाबी धुळीनं माखलेली समोर आली.

"चला भाऊ. बायको तुमाले मेले समजून राह्यली."

"मंग सांगा तिले, जित्ता हाय म्हनून."

"कोनाचं आयकत नाई. तुमचाच आवाज पाहिजे."

"मी काय तिच्या उशाशी जाऊन बसू? इतक्या लोकात? लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, बुढा जित्ता हाय," अमिनाबी म्हणाली. "एक डोळा तुमी बाजारात देऊन आले, भाऊ. दुसराबी गेला तं मी गावोगाव टोपली घेऊन फिरते. घराघरात सांगीन कसा गेला. एक आयाबाई सोडनार नाई."

वेचणाऱ्या बायका ओळीत उभ्या राहून ऐकत होत्या. श्रावणनं, आयुष्यात पहिल्यांदा, बापाला न विचारता गाडी जुंपली.

दुपार कलताना मामाजी वर्गाच्या दारात उभे राहिले. पागोटं हातात, धोतराला कापसाची बोंडं चिकटलेली. सगळ्या खाटांवरची माणसं पट्ट्या बांधून पडलेली, तरी हा माणूस लाजत होता. अमिनाबीनं त्यांना मनगटाला धरून आणलं आणि आत्याबाईंच्या उशाशी स्टुलावर बसवलं.

 चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. शेवटी घसा खाकरला.

"पांढऱ्या बैलानं दावं तोडलं."

आत्याबाईंचं सगळं अंग एकदम सैल पडलं. माझ्या हातांना ते कळलं. त्या म्हणाल्या, "खुंटा ढिला होता. पोळ्यापासून सांगून राह्यली होती."

"ठोकतो."

"आज ठोका."

बस, एवढंच. डोळ्यातून पाणी आलं नाही, टाका तुटला नाही. डॉक्टरांनी मामाजींना ताकीद दिली की पट्टी सुटेपर्यंत इथून हालायचं नाही. बसले पाच दिवस. त्यांना चहा मिळायचा, बिडी ओढायला पटांगण होतं, कापूस श्रावणनं आणि गावानं वेचला, काही आभाळ कोसळलं नाही.

आणि आता ऐका. शेवटच्या दिवशी पटांगणात सतरंजी अंथरून कार्यक्रम झाला. कॅम्प भरवणारी शहरातली माणसं एकमेकांच्या गळ्यात हार घालत होती. त्यातल्या एकानं मामाजींना पुढे बोलावलं. म्हणाला, हा शेतकरी पाहा, ऐन वेचणीत कापूस सोडून पत्नीच्या उशाशी बसला, असे पती घरोघरी हवेत. आणि हार घातला! टाळ्या पडल्या. मामाजींनी मान वाकवून हार घेतला. मी इकडेतिकडे पाहिलं. अमिनाबी मागच्या नळावर चिनी मातीची पसरट तसराळी राखेनं घासत होती.

मी तिच्याकडे गेले ते फणफणतच. "मावशी, तो हार कोनाचा हाय मालूम हाय काय तुले?"

"झेंडूचा," ती म्हणाली. "तठी एक तसराळं राह्यलं, दे इकडं."

पुढे वर्षानुवर्षं मामाजी पारावर सांगायचे, मी उशाशी बसलो म्हणून बायकोचा डोळा वाचला. मी पाणी भरायला जाताना ऐकायचे आणि घागर मुद्दाम खणखणून आपटायचे.

दीड महिन्यानं आत्याबाईंना चष्मा आला, बाटलीच्या बुडासारखा जाड. पहिले काही दिवस त्यांना पायरी वर आलेली वाटायची आणि मी म्हशीएवढी दिसायचे, असं त्याच म्हणायच्या. पण लोटा त्यांचा त्यांच्या हातात आला. पुढच्या संक्रांतीला अमिनाबीनं टोपली उघडली तेव्हा आत्याबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि एकेक बांगडी उजेडाला धरून पाहिली. "ही नको, हिच्यात बुडबुडा हाय. ही कत्थई हाय, मले काय आंधळी समजली?" अमिनाबी एवढी हसली की टोपली लवंडली.

त्या सालापासून ती पट्टी बांधताना मनगटापाशी बोटभर जागा सैल सोडायला लागली, आतून काचेला काच लागावी एवढी. बांधून झालं की हात हलवून पाहायची. आवाज आला की मगच गाठ मारायची. बायकांचं फाटकातून परत जाणं तिनं बंद केलं. आमच्या गावातून नेल्या, शेजारच्या गावांतून नेल्या, गाडीनं, एसटीनं, नाहीतर मनगट धरून पायी. कुठल्या कागदावर तिचं नाव चढलं असेल तर मला दाखवा.

अडुसष्ट सालच्या दिवाळीची तिची खेप शेवटची. त्या हिवाळ्यात ती तापानं गेली. त्या खेपेला ती आमच्याकडे आली ती मामाजींना न्यायला.

आत्याबाईंनीच निरोप धाडला होता, "बुढ्याले पांढरा बैल अन् तांबडा बैल सारखाच दिसून राह्यला." मामाजी खाटेवर बसून होते. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

"याईले कायले नेतं वो मावशी?" मी अमिनाबीला बाजूला घेऊन म्हणाले. "सुईवाल्याकडं धाड. एका घडीचं काम."

"चूप. चादर काढ एक. लोटा, वाटी." ती मामाजींकडे वळली. "खोकला हाय काय, भाऊ?"

"नाई. पन आठ दिवस कापूस कोन पाहीन?"

"मी पाहीन," आत्याबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

शाळेत खाटांची रांग तीच, भगोन्यातलं उकळतं पाणी तसंच. मी चादर अंथरली. अमिनाबी कापूस आणि पट्ट्या घेऊन टोकाच्या खाटेपासून एकेक हात बांधत आमच्याकडे आली. तिनं मामाजींचा हात मांडीवर घेतला.

"माह्या हातात कोठी बांगड्या हायेत?" मामाजी म्हणाले.

"समद्याईचेच बांधते."

कापूस गुंडाळला, वर पट्टी, बोटांच्या टोकापासून कोपराकडे. मनगटाशी आली तेव्हा बोटभर जागा सोडली, सवयीनंच. हात हलवून पाहिला, कान दिला, काही वाजलं नाही. गाठ मारली आणि दुसरा हात घेतला.

"मामाचं गाव कोनतं, भाऊ?" तिनं विचारलं.

मामाजींनी बांधलेला हात छातीवर ठेवला. मग सांगायला लागले.